कुपवाडची इमेज बंद न पडता पुढे जावी म्हणून

मी, सदानंद विष्णू हळबे, वय अडुसष्ट, राहणार विश्रामबाग, सांगली, ज्याला कुपवाड औद्योगिक वसाहतीत सगळे तात्या म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. डोकं ठिकाणावर असल्याचं मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मात्र मी जवळजवळ तीस वर्षं कुठल्या संगणकभाषेत घालवली, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. येत्या गुरुवारी ते माझी छाती उघडणार आहेत, सबब हा कागद आज.

आमच्या वकीलबाई, ॲडव्होकेट अंकिता, म्हणाल्या की आधी कच्चं लिहा, मग मी पक्कं करून देते. मला ते जमत नाही. चालू असलेल्या वस्तूत, ती न थांबवता, दुरुस्ती करायची हीच माझी रीत. त्यामुळे या कागदात पुढचं कलम मागच्याला खोटं पाडेल, तिथे पुढचं खरं धरावं.

कलम १. विश्रामबागेतला फ्लॅट, त्यातलं सामान आणि बँकेतल्या ठेवी माझी पत्नी सौ. शरयू हिच्या, तिच्या पश्चात मुलगी ज्ञानदा हिच्या. ठेवी याहून बऱ्या असत्या, पण दर दोन-तीन वर्षांनी पेलिकनची (खुलासा कलम ३ मध्ये) नवी आवृत्ती निघायची आणि मी ती घ्यायचो. शरयूने त्याबद्दल मला कधी टोकलं नाही, असं लिहिणार होतो. ती शेजारी बसून वाचते आहे. म्हणते, रोज टोकत होते, तुम्हाला ऐकूच आलं नाही.

कलम २. पेलिकनची छापील पुस्तकं ज्ञानदाने हवी तर न्यावीत. त्यातलं सर्वांत जाड पुस्तक फ्रीजच्या पायाखाली आहे, ते तिथेच राहू द्यावं. काढलं तर फ्रीज डुगडुगतो. माझी स्कूटर कोणाला द्यायची ते शरयूने ठरवावं. आजवर फुकटसुद्धा कोणी मागितलेली नाही.

कलम ३. कोर्टात हे वाचणाऱ्या साहेबांसाठी पेलिकनचा खुलासा. स्मॉलटॉक नावाची एक संगणकभाषा आहे. अमेरिकेत जन्मली. एके काळी बँका आणि विमा कंपन्या तिच्यासाठी वाटेल ती किंमत मोजत, आणि तिच्यात काम करण्याची साधनं विकणाऱ्या बऱ्याच कंपन्या होत्या. पेलिकन स्मॉलटॉक हा त्यातल्या इंग्लंडमधल्या एका छोट्या कंपनीचा माल. १९९६ साली मी आणि माझा भागीदार गुंडा चौगुले यांनी तो मागवला. खोक्यावर पक्ष्याचं चित्र होतं. कस्टमच्या साहेबांनी विचारलं, जिवंत माल आहे का? गुंडा म्हणाला, व्हय. खोकं सुटायला त्यामुळे आणखी दोन आठवडे गेले.

मग जावा ही नवी संगणकभाषा आली. फुकट आली आणि लाटेसारखी आली. मोठ्या स्मॉलटॉक कंपन्या एकमेकींत मिसळल्या, नावं बदलली, विकल्या गेल्या. पेलिकनवाल्यांनी बरीच वर्षं तग धरला. एक दिवस त्यांच्या संकेतस्थळावर चार ओळी आल्या: विक्री बंद, मदत बंद, साथ दिल्याबद्दल आभार. मी त्या दिवशी जेवायला उठलो नाही. शरयू म्हणाली, घरातलं माणूस गेल्यासारखं बसू नका, आमटी गार होतेय. पुढे कंपनीने सगळं फुकट वाटून टाकलं. शेवटची आवृत्ती मी नुकतीच पैसे देऊन घेतली होती.

कलम ४. आता मुख्य मिळकत. कुपवाडला कृष्णात सावंत यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. कोणत्या शेतकऱ्याच्या पेट्या कोणत्या खोलीत, कोणत्या फळीवर, हिरवा बेदाणा की पिवळा, हे सगळं आमचा पेलिकनमधला प्रोग्राम सांभाळतो. पेट्यांवर फक्त नंबर. पण पेलिकनमध्ये प्रोग्राम असा वेगळा नसतोच. असते ती इमेज, म्हणजे चालू अवस्थेतलं अख्खं जग, जसंच्या तसं जतन केलेलं. रात्री थांबवली की सकाळी तिथूनच पुढे चालते. पडद्यावर उघडी ठेवलेली खिडकीसुद्धा तशीच उघडी. विरजणासारखं समजावं. आजचं दही कालच्या दह्याचं, कालचं परवाच्या. आमची इमेज १९९६ पासून एकच आहे. कॉम्प्युटर किती बदलले, इमेज तीच उचलून नव्यावर ठेवली.

त्यात आम्ही दोघांनी एक पराक्रम करून ठेवला. पेलिकनमध्ये काहीही बदलता येतं, अगदी मूळ आकडेसुद्धा. शहाणी माणसं त्यांना हात लावत नाहीत. आम्ही तरुण होतो आणि समोर भडंगाची पिशवी होती. आम्ही थेट आकड्यांनाच बेदाणा शिकवला. आमच्या इमेजमध्ये पाच हा नुसता पाच नाही. तो विचारतो, कुठल्या खोलीतले पाच? त्या वेळी हे फार देखणं वाटलं होतं. परिणाम असा की आमचं काम त्या इमेजमधून सोडवून दुसरीकडे नेता येत नाही. मागे पुण्याहून दोन हुशार मुलं आली होती. त्यांनी दुपारपर्यंत पाहिलं आणि विचारलं, सर, यात तुमचा प्रोग्राम कुठे सुरू होतो? मी म्हणालो, होत नाही. चहा न घेता गेली.

सबब ही इमेज, तिच्या प्रती आणि ती चालवणारा कॉम्प्युटर मी माझी मुलगी ज्ञानदा हिला देत आहे.

कलम ५. गुंडा चौगुले यांस काहीही देऊ नये. १९९९ साली भर हंगामात हा माणूस उठला आणि साताऱ्याला जाऊन जावाचे क्लास काढून बसला. जाताना आमचा पांढरा फळा घेऊन गेला. आज पोवई नाक्याजवळ त्याची पाटी आहे आणि शिरवळच्या कारखान्यांची कामं त्याच्याकडे आहेत, असं कळतं. मी चौकशी करत नाही, लोक येऊन सांगतात. ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी तो एक कोड लिहीत होता: खोली चारमधला पिवळा बेदाणा हलवताना काय करायचं. अर्ध्या ओळीवर सोडून गेला. ती खिडकी मी बंद केली नाही. खाली कोपऱ्यात दुमडून ठेवली. तेव्हापासून इमेज जितक्या वेळा जतन झाली, तितक्या वेळा त्याची अर्धी ओळही जतन झाली. सव्वीस वर्षं मी पुरावा सांभाळतो आहे. कोणापुढे सादर करायचा होता, ते मलाही माहीत नाही. मी गेल्यावर त्याला कळवू नये आणि दिवसांना बोलावू नये.

कलम ६. कलम ४ मध्ये दुरुस्ती. ज्ञानदा रविवारी पुण्याहून आली. मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं की इमेज तुझ्या नावावर केली आहे. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, हे मला देऊ नका. मला ते येत नाही. मी ते बंद करीन, आणि तुम्ही नसताना मला ते करावं लागू नये." मग हळूच म्हणाली, गुंडाकाका आहेत ना. मी तिच्यावर ओरडलो. ती लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून ऑफिसभर फिरायची, ते मी विसरलो होतो.

कलम ७. कलम ६ लिहून झाल्यावर कृष्णात भेटायला आला. नारळपाणी घेऊन आला, पण बसेना. शेवटी बोलला. "तात्या, तुमी गेलासा तर माज्या कोल्डचं काय? कुणाचा माल कुठं हाय, ह्ये त्या डबड्यालाच ठावं हाय. शेतकरी दारात आला तर त्येला काय सांगू?" मी बोटांवर मोजून पाहिलं. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत ही इमेज उघडून समजणारी माणसं दोन. एकाला गुरुवारी भूल देणार आहेत आणि दुसऱ्याचं तोंड मी पाहत नाही.

म्हणून कलम ५ रद्द. इमेज गुंडा चौगुले यांस द्यावी. पांढरा फळा त्याच्याकडेच राहू द्यावा. हे कलम लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि शरयू शेजारी बसून हसत होती हेही नमूद करतो.

कलम ८. हे मंगळवारी, कुपवाडच्या ऑफिसात बसून लिहीत आहे. साक्षीदार म्हणून दोन माणसं हवी होती. एक कृष्णात. दुसरा कृष्णातनेच आपण होऊन आणला, आणि कोणाला आणतोय ते मला सांगितलं नाही. गुंडा दारात उभा. केस सगळे पांढरे, पोट माझ्याहून मोठं. नमस्कार करायच्या आधी त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं.

मी पडद्यावरची कोपऱ्यातली खिडकी उघडून दिली. त्याने चष्मा लावून आपली अर्धी ओळ वाचली. मग म्हणाला, "आवं तात्या, ह्ये तर चुकीचं लिव्हलंय मी." म्हणजे मी जो पुरावा जपला तो मुळातच चुकीचा होता, आणि मी तो सव्वीस वर्षांत एकदाही नीट वाचला नव्हता. आम्ही दोघं इतके हसलो की बाहेर थांबलेल्या वकीलबाई आत आल्या. मला छातीवर हात धरून बसावं लागलं.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि सांगितलं की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार न झालेलं बरं. दुसरा माणूस बघा. गुंडा म्हणाला, "मग मिळकत नको, म्या सहीच करतो. आवं, मेल्यावर देताय व्हय? आन् अडलं तर इचारू कुणाला? द्यायची तर आत्ता द्या."

कलम ९. त्यामुळे कलम ४, ६ आणि ७ यांत देण्यासारखं काही उरलेलं नाही. इमेज मी आज, जिवंतपणी, हातोहात दिली आहे. कृष्णातने पाहिलं. मी गुंडाला म्हणालो, ती ओळ तेवढी दुरुस्त कर, म्हणजे खिडकी एकदाची बंद होईल. त्याने कीबोर्डवरून हात काढून घेतला. म्हणाला, "न्हाई. तुमी गुरुवारचं उरकून परत या. मग दोघं मिळून पुरी करू." आणि खिडकी उघडी ठेवूनच त्याने इमेज जतन केली.

मला गुरुवारची भीती वाटते. वरच्या आठ कलमांत हे लिहायचं टाळलं होतं. आता ती जरा कमी वाटते, कारण खोली चारमधल्या पिवळ्या बेदाण्याचं काम शिल्लक आहे.

येथवरचा मजकूर मी वाचून, समजून, आणि वकीलबाईंचं न ऐकता सही केली आहे.

सही: सदानंद विष्णू हळबे
ठिकाण: कुपवाड, जि. सांगली
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

साक्षीदार, ज्यांच्या देखत वरील सही झाली व ज्यांनी एकमेकांच्या देखत सह्या केल्या:

१. कृष्णात यशवंत सावंत, बेदाणा कोल्ड स्टोरेज, कुपवाड.

२. गुंडा बाळाप्पा चौगुले, कायमचा पत्ता सातारा. हल्ली मुक्काम: याच खोलीत, कॉम्प्युटरसमोर, तात्या परत येईपर्यंत.