कानावरचं शिंग

४ मार्च, सोमवार

बाबांच्या कानाच्या पाळीवरचं ते पुन्हा वाढलंय. गव्हाच्या दाण्याएवढं, पिवळट, टोकदार — शिंगच. आज सलून बंद, म्हणून त्यांच्या घरी गेलो. गळ्याभोवती कापड बांधलं, बारीक कात्रीनं कापलं, वरून कानस फिरवली. नखासारखंच लागतं हाताला.

बाबा जरासुद्धा हलले नाहीत. त्यांनीच शिकवलं होतं — गिऱ्हाईक हललं नाही की समजायचं, हात बसला. वाटलं, आज शाबासकी मिळेल. कुठलं काय!

दुकानावरची त्यांची पाटी उतरवून मी माझी लावली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून अबोला. बोलणं होतं ते या कानापुरतं. "वाढलंय." "कापतो." संपलं. पण तेवढ्यासाठी मी सोमवारची वाट बघतो. लिहायलाही लाज वाटते.

११ मार्च

आई म्हणाली, डॉक्टरांना दाखवा एकदा. बाबा म्हणाले, "घरात न्हावी असताना?"

घरात म्हणाले. दिवसभर तेच मनात घोळतंय.

१८ मार्च

कापलं. हलले नाहीत.

२५ मार्च

आज बुडातून रक्त आलं. तुरटी लावली, कापूस दाबला, थांबेना. मेलेल्या कातडीला रक्त कुठून? बाबा तरी गप्पच. बळेच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. तिथे तुकडा काढून तपासणीला पाठवला.

४ एप्रिल

कॅन्सर. मानेतल्या गाठींपर्यंत गेलाय.

डॉक्टर म्हणाले, "वरचं शिंग मेलेलंच असतं हो. बुडाशी जे होतं ते जिवंत होतं. तुम्ही वरवर कापत राहिलात, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दुखत असणार, बरेच महिने." मी म्हणालो, छे, ते कधी हललेसुद्धा नाहीत, माझा हात हलका आहे. हे मी चक्क अभिमानानं सांगितलं.

८ एप्रिल, सोमवार

बाबा दवाखान्यात. त्यांच्या घरून ते गळ्याभोवती बांधायचं कापड धुवायला आणलं. मांडीवर येतं तिथे दोन्ही बाजूंना नखांची भोकं पडलीयेत.

आईला विचारलं. म्हणाली, "तू गेलास की बर्फ धरून बसायचे. मी म्हणायचे, सांगा की त्याला. तर म्हणायचे — मग तो कशाला येईल?"