ऐकून पाठ झालेला उतारा

गुरुजी, पाचोडच्या शाळेत तुम्ही आमचं वाचन कसं तपासायचात, ते हल्ली सारखं आठवतं. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या सामानाच्या पुड्या सोडून त्यांचे छापील कागद तुम्ही पेटीत जपून ठेवायचात. प्रत्येक पोराला वेगळा कागद. दुसरीत मी अख्खा धडा न अडखळता म्हणून दाखवला, तेव्हा तुम्ही पुस्तक मिटलंत आणि जिऱ्याच्या पुडीचा कागद पुढं केलात. माझी बोबडी वळली. "पाठांतर लई झ्याक हाय रे तुझं," तुम्ही म्हणालात, "आता वाचायला शिकू." सगळा वर्ग हसला, मी रडलो, आणि त्या दुपारपासून तुम्ही मला शेजारी बसवून घेऊ लागलात.

तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी सातवीत होतो. बारावीत माझं शिक्षण सुटलं. आता एका संस्थेसाठी गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांना वाचता येतं का, ते तपासतो. आमच्याकडं सगळ्यांना एकच उतारा. मागच्या महिन्यातली ती शाळा अजून डोळ्यांपुढं आहे: मी खोलीत बसलोय, एकेक मूल आत येऊन मोठ्यानं वाचतंय, आणि बाकीची खिडकीखाली व्हरांड्यात बसलीत. चौथीतली एक मुलगी आली आणि उतारा घडाघडा म्हणाली. बोट मात्र भलत्याच ओळीवर. मी माझ्या जेवणाच्या डब्याभोवतीचं वर्तमानपत्र सोडून तिच्यापुढं धरलं. ती पहिल्याच शब्दाशी थांबली.

मुख्याध्यापिकांना सांगितलं, तर त्या हसल्या. "सर, आता डब्याच्या कागदावर परीक्षा व्हय? उतारा म्हणली ना पोरगी? मग लिहा की, येतं म्हणून."

"मॅडम, ऐकून पाठ केलाय तिनं. दुपारच्या जादा वर्गाला बसवा तिला."

"तो वर्ग न येणाऱ्यांचा. तुमचा उतारा तर म्हणतोय, समद्यांना येतंय."

मी 'येत नाही' असंच लिहिलं. संस्थेतल्या साहेबांचा फोन आला: उताऱ्यावरूनच ठरवायचं. मी म्हणालो, वेगळेवेगळे उतारे ठेवू, निदान खिडकी तरी लावू. "उतारे बदलले तर मागच्या वर्षाशी तुलना कशी करणार?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला. तिच्या नावापुढं 'येतं' झालं आणि दुपारचा वर्ग बंद पडला. पाचवीला ती दुसऱ्या शाळेत जाईल, तिथं तिला वाचता येतं असंच सगळे धरून चालतील. उद्या मी तोच उतारा घेऊन फर्दापूरकडं निघालोय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तरी खाडाखोड नको म्हणून पुन्हा उतरवून काढलं. एक राहिलंच. ती वर्तमानपत्राशी अडखळली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता हिला वर्ग मिळेल, म्हणून मी हसलो. ते पाहून तीही हसली. "झाले ना सर मी पास?" तिनं विचारलं, आणि मी मान डोलावली.