बसलेल्याला उठवणारी गोळी

सोमवार, दुपार

सूनबाई,

हो, ती गोळी मीच गिळली. फोनवर तू तेच विचारत होतीस, पण माझा लेक दाराआड कान लावून उभा होता, म्हणून फोन कट झाल्याचं सोंग केलं. तू बरी असशील. माझं काय, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

तूच सांग, संशय का येऊ नये? रोज सकाळी बायको नवऱ्याला गोळी देते आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तशी त्याची जीभ वर करून बघते. विचारलं तर म्हणालीस, दुखण्यावरच्या गुंगीच्या गोळ्यांची सवय सुटावी म्हणून डॉक्टरांनी दिलीय. मला वाटलं, सवय कसली, जीवच सुटेल. तू अंघोळीला गेलीस तशी एक खाऊन बघितली.

पुढचं तू पाहिलंस. जांभया, गळकं नाक, अंगावर काटा, उलट्या. सुनेनं विष घातलं म्हणून मी गल्ली गोळा केली, माझ्या लेकानं तुझ्या हातची गोळी सोडली, तू माहेर गाठलंस.

काल तीच गोळी घेऊन औषधवाल्याकडे गेले. पकडायचंच होतं तुला. तो म्हणाला, गुंगीच्या औषधाची अंगात बसायची जागा असते. ही गोळी तिथं ठिय्या मारते, बसलेल्याला हुसकावते, नव्याला टेकू देत नाही. मी म्हटलं, म्हणजे माझी थोरली नणंदच. तो हसला नाही. अंगात ते औषध नसेल तर ही गोळी माणसाला असं लोळवत नाही, म्हणाला. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "आजी, तुम्ही काय घेता?"

"चहा," मी म्हटलं.

निघताना त्यानं बजावलं, मुलाला जपा. इतक्या महिन्यांत अंगाची सवय मोडलीय, त्यात ही गोळीही बंद. आता गुंगीच्या गोळ्या पूर्वीएवढ्या खाल्ल्या तर श्वासच थांबेल.

तेव्हापासून माझा डोळा त्याच्यावर. सकाळी माझी गादी उलटीपालटी करत होता. ढेकूण शोधतोय म्हणे. आपल्या घरात ढेकूण कधी होते गं?

शेजारीण तुमच्याकडेच निघालीय, तिच्या हाती हे देते. तिच्याबरोबरच परत ये. भांडण आल्यावर करू, मी कुठं पळून जात नाही.

त्याच्या जुन्या गुंगीच्या गोळ्या तू मला फेकायला दिल्या होत्यास, त्या मी फेकल्या नाहीत. गुडघ्यासाठी म्हणून एक खाल्ली, तेव्हापासून रोज खाते. उरलेल्या कमरेला बांधून फिरते. आज फेकायला गेले, हात सुटला नाही.

तुझी सासू