सुया, सूप आणि माझा उजवा हात

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा हलला. उजवाच. चहाची बशी तोंडाशी नेताना अर्धा चहा लुंगीवर! कौशल्या म्हणाली, "थंडी वाजून राहिली का जी?" मी म्हणालो, हो. थंडी आहेच. पण थंडी काय फक्त उजव्या हातालाच वाजते?

२० नोव्हेंबर

इथे सरळ लिहून टाकतो, दुसरीकडे बोलायची सोय नाही. दिवाळीपासून हात थरथरतो. मांडीवर ठेवला तर शहाण्यासारखा गप्प. काही धरायला गेलं की सुरू.

आणि माझं काम काय, तर हातांचंच! खाणीत माणसं केजमध्ये बसून खाली उतरतात. ती केज दोरावर खाली-वर करणारं मशीन मी चालवतो. सत्तावीस वर्षं झाली. एका हाताशी दांडा, दुसऱ्या हाताशी ब्रेक. तीन घंट्या वाजल्या म्हणजे माणसं बसली. मला माणसं दिसत नाहीत. माझ्या केबिनमधून दिसतो तो फक्त काटा, केज किती खाली गेली ते दाखवणारा. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवायचा, मी काट्यावर. एका खेपेला बारा जण. पहिल्या पाळीत त्यांत आमचा जावई भूपेंद्रही असतो. दामिनीचा नवरा. पोरगी आमच्या कॉलनीतच दिली, दोन लाइनी सोडून.

नऊ जानेवारीला वर्षाची मेडिकल आहे. त्याआधी डॉक्टरला दाखवावं तर कागद तयार होतो. कागद झाला की मशीनवरून उठवतील आणि स्टोअरमध्ये फावडी मोजायला बसवतील. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली आहेत. सत्तावीस वर्षांत एक धक्का नाही बसला कोणाला, आणि शेवटी फावडी? नाही. थंडीनंच होत असेल.

२३ नोव्हेंबर

कौशल्येने आपल्या डोक्याने उपाय सुरू केला. मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांचं सूप. शेंगा उकडायच्या, गर दाबून काढायचा, लसणाची फोडणी, मिरपूड, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरून. "हाडात गर्मी भरते. आमच्या आईचं औषध आहे." तिच्या आईकडे सगळ्यावर औषध होतं, जावयाच्या तोंडावर सोडून — हे तिचंच म्हणणं.

पण चव झकास, खोटं कशाला बोलू. दोन ग्लास प्यालो. वाटी नको म्हणालो, ग्लास दे, तोही अर्धाच भर. भरलेली वाटी तोंडापर्यंत न्यायची म्हणजे सर्कस! ती माझ्याकडे बघत राहिली, बोलली काही नाही. ही बाई बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

२७ नोव्हेंबर

पकडला गेलो.

तुमसरच्या बाजारातून तिने लोकर आणली. लड्याच आणल्या, त्या स्वस्त पडतात म्हणे. लडीचा गुंडा करायचा तर दुसऱ्याने ती दोन्ही हातांत ताणून धरायची. दुसरा कोण? मीच. डावीकडे लोकर सरळ, उजवीकडची नाचायला लागली. मी हात गुडघ्याला टेकवला. तिने गुंडाळणं थांबवलं.

"कधीपासून?"

"थंडीचं आहे."

"तीस वर्सं झाले लग्नाले. मले सिकवून नोका राहू." डोळ्यांत पाणी. मग मी सगळं सांगितलं. सांगितल्यावर फार हलकं वाटलं, आणि पाच मिनिटांनी फार भीती वाटली. आता हे दोघांना माहीत आहे.

शेवटी तिने डोळे पुसले, दोन सुया माझ्या हातात दिल्या. "विनून पाहा. हात एका जागी रायला सिकन." मी म्हणालो, लोक काय म्हणतील! "दार लावून विना."

३० नोव्हेंबर

वीस टाके घातले. एक सुलट, एक उलट. चार ओळी झाल्यावर मोजले तर तेवीस! तीन आले कुठून? कौशल्या हसून हसून पलंगावर आडवी झाली. मी रागाने सगळं उसवलं. पण एक गोष्ट खरी — सुई टाक्यात घालताना हात हलत नाही. हलला तरी थोडा.

३ डिसेंबर, मंगळवार

आजचं लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

दुसरी खेप. तीन घंट्या झाल्या, केज सोडली, काटा बरोबर चालला होता. तळ यायच्या जरा आधी ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा असतो. हात हलला आणि एकदम दाबला गेला. केज धक्क्याने थांबली. खालून लगेच फोन — काय झालं? मी म्हणालो, काही नाही, ब्रेक जरा जोरात लागला. कोणाला लागलं नाही. एकाचा डबा सांडला फक्त. देवा, डबाच सांडला!

त्या खेपेत भूपेंद्र होता.

संध्याकाळी तो आणि दामिनी जेवायला आले. तो खाली मान घालून जेवला. हात धुताना बाजूला येऊन हळूच म्हणाला, "मामाजी, तब्येत बरी आहे ना?" हो म्हणालो. "एक डाव डाक्टरले दाखवा ना." मी उसळलो! "मले काय झालं? तू आपलं काम पाय." पोराने मान हलवली, चप्पल घातली आणि गेला. मी असं बोलायला नको होतं. त्याचं काय चुकलं होतं?

४ डिसेंबर

झोप नाही. पहिला धक्का, सत्तावीस वर्षांत.

९ डिसेंबर

आता वेळापत्रकच ठरलं आहे. पहाटे हाताला कोमट तिळाचं तेल. पाळीवर जाईपर्यंत हातमोजे. दुपारी घरी आलो की अंगणातल्या उन्हात खाट, अर्धा ग्लास सूप, मग दार लोटून सुया. चाळीस ओळी झाल्याशिवाय उठायचं नाही. संध्याकाळी शेगडीत निखारे, त्यावर हात धरायचे, बाजूला उकडलेल्या तुरीच्या शेंगा. कौशल्या सोलते, मी खातो.

खरं सांगू? हे आवडायला लागलं आहे. एवढी वर्षं हिवाळा म्हणजे माझ्यासाठी पहाटेची पाळी आणि कानटोपी. बायको दुपारी उन्हात बसून काय करते ते मी कधी पाहिलंच नव्हतं. ती टाके मोजत गुणगुणते. आज म्हणाली, "तुमचा टाका माह्यापक्षा सारका येऊन राहिला आता." मला पाळी सुटल्याचा भोंगा वाजल्यासारखा आनंद झाला.

आणि उद्या सकाळी पुन्हा त्या तीन घंट्या. त्या वाजायच्या आधीच तळहात ओले होतात. धक्का नंतर बसला नाही. पण रोज खेप खाली पोहोचेपर्यंत मी श्वास धरून असतो, आणि रोज मनात येतं, पोरगा या खेपेत आहे की पुढच्या?

१५ डिसेंबर, रविवार

कैलाशने पाहिलं! दुसऱ्या पाळीला माझं मशीन तोच चालवतो. दार नुसतं लोटलेलं होतं, हाक न मारता आत आला. माझ्या मांडीवर मरून लोकरीचा पसारा. "अरे बापा! सेवकरामजी, बायकोची बदली ड्यूटी करून राहिले का?" मी म्हणालो, जावयासाठी स्वेटर आहे. पोट धरून हसला. उद्या सगळ्या खाणीला कळणार. कळू दे!

पण मग चहा आला. मी कप उचललाच नाही, गार होऊ दिला. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. की मलाच तसं वाटलं? जाताना हसत नव्हता एवढं नक्की.

१७ डिसेंबर

कळलं. लॅम्परूममध्ये, खाली उतरायचे दिवे घेतात तिथे, चौघांनी मफलरची ऑर्डर दिली. एक म्हणाला, बॉर्डर पिवळी पाहिजे. मेले!

तरी बरं वाटलं. हातांबद्दल कोणी बोललं नाही.

२२ डिसेंबर

मोठं भांडण. गळ्याजवळ एक टाका गळला होता, तो खाली बारा ओळी उसवत गेला. मी उचलायला बसलो तर हाताने ऐकलंच नाही, सुई खाली पडली. चार वेळा. कौशल्या बघत होती. म्हणाली, "अवो, सांगून टाका ना साहेबाले. जवाई बसतेत त्या केजमंदी. माही पोरगी आहे त्याच्या घरी."

मी ओरडलो. माझी पोरगी नाही का? मला कळत नाही का? सत्तावीस वर्षं कोण उतरवत होतं तुझ्या गावच्या माणसांना? शेजारच्या लीलाबाईंनी रेडिओ बंद केला, एवढा ओरडलो.

कौशल्या उठून आत गेली. आज सूप नाही. मीही मागितलं नाही.

तिचं बरोबर आहे. म्हणूनच ओरडलो. पण साहेबांसमोर उभं राहून "माझे हात गेले" म्हणायचं — ते माझ्याच्याने होणार नाही. दुसरं काय येतं मला? मेडिकल आहेच ना. डॉक्टरच ठरवेल. त्याने नाही म्हटलं तर नाही. मी कशाला आधी बोलू?

२४ डिसेंबर

सूप पुन्हा सुरू. मीच मागितलं. तिने वाटीभर दिलं, मुद्दाम. सांडलं. तिनेच पुसलं.

१ जानेवारी

स्वेटर झाला! बिनबाह्यांचा आहे, एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर वर. भूपेंद्रला दिला तर त्याने तिथल्या तिथे घातला. दामिनी म्हणाली, "बाबा, तुम्ही विनला? खरंच?" आणि रडायलाच लागली, वेडी. भूपेंद्र म्हणाला, "खाली तं लय गरम होते मामाजी. पन जाता-येता रोज घालीन." त्या दिवशी मी त्याच्यावर उसळलो होतो त्याबद्दल माफी मागायची होती. जमलं नाही. मी म्हणालो, धुताना गरम पाणी नको.

आता माझ्यासाठी काट्याच्या टोकाला मरून स्वेटर आहे. केज सोडतो ती त्याच्या नावाने सोडतो.

८ जानेवारी

उद्या.

दोनदा आंघोळ केली. काल रात्रीपासून चहा बंद. कोणीतरी म्हणालं होतं चहाने हात जास्त हलतात. डोकं ठणकतं आहे. आरशासमोर दोन्ही हात पुढे धरून उभा राहिलो — डावा ठीक, उजवा बोटांच्या टोकाशी हलतो. कोपर बरगडीला दाबून धरलं तर कमी हलतो. कौशल्येने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पास झालो तर? नापास झालो तर? दोन्हींची भीती वाटते, हे कोणाला सांगू!

९ जानेवारी

पास!

कान, डोळे, बीपी, छाती. मग डॉक्टर म्हणाले, हात पुढे करा. हातमोजे त्या क्षणापर्यंत काढले नव्हते. हात गरम होते. कोपर बरगडीला दाबून ठेवलं. मनात टाके मोजले, एक सुलट, एक उलट, एक सुलट, एक उलट. पाचव्याला ते म्हणाले, ठीक आहे, घ्या खाली. शिक्का!

बाहेर आलो. तुमसरहून पेढे आणले, अख्ख्या लाइनीत वाटले. कौशल्येने पेढा घेतला, देवापुढे ठेवला, खाल्ला नाही.

पाच सेकंद हात हलला नाही. खेप खाली जायला दीड मिनिट लागतं. हा हिशेब कशाला सुचतो मला? पास म्हणजे पास. शिक्का सरकारमान्य डॉक्टरचा आहे, माझा नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

दामिनी तिळगूळ घेऊन आली. बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, साहेबाले सांगून तुमच्या जवायाची पाळी तरी बदलवा. रोज गुडघे धरून बसतेत. केजमंदी बसतच नाही. त्या जुन्या उताराच्या बोगद्यानं पायी उतरतेत आन् पायीच चढतेत. पाऊन तास लागते चढाले. कायले असं करतेत तं सांगतच नाही."

मी विचारलं, कधीपासून?

"डिसेंबर लागला तवापासून."

त्याने कोणालाच सांगितलं नाही. साहेबांना नाही, बायकोला नाही, मलाही नाही. ज्याला माहीत होतं तो पायी गेला. ज्यांना माहीत नव्हतं ते रोज माझ्या हाताखाली बसत आले.

साहेबांच्या नावाने अर्ज लिहिला आहे, मला मशीनवरून उठवा म्हणून. अक्षर फार हललं आहे. तसाच देणार.