चिंचेने घासलेला पैसा

मंगळ. ११ जाने. ९४
सकाळपासून पनवेलजवळ रोडपालीत. पाण्याच्या लाईनचा व्हॉल्व्ह नकाशात आहे, जमिनीत नाही. शोधायचं यंत्र घेऊन गल्लीभर फिरलो. नमूबाईच्या अंगणाच्या कडेला यंत्र ओरडलं. हातभर खणलं. व्हॉल्व्ह नाही, तांब्याचं जुनं नाणं. हिरवं, मातीने माखलेलं. म्हातारी शेजारच्या पडवीतून ओरडली, "काय गावला रं?"
"खिळा, आजी."
तोंडातून गेलं ते गेलंच. नाणं खिशात. वाटलं, अप्पांना दाखवू, मग बघू. तिथल्या तिथे खरं म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?

बुध. १२
ऑफिसातून लवकर आलो. अप्पांच्या हाती द्यायचं ते लख्ख द्यावं म्हणून मोरीत बसलो. देवाचं ताम्हन घासतात तसं चिंच-मीठ लावून चांगलं रगडलं. गुलाबी निघालं, अगदी नव्या तांब्यासारखं. आणि गुळगुळीत. घासायच्या आधी वर काहीतरी उठावाचं होतं, ओळी असाव्यात. आता एक वाकडी रेघ आणि कडेला चार ठिपके. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

शुक्र. १४, संक्रांत
अप्पांना दिलं. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, जुन्या नाण्यांचं वेड, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "वरची ओळ बघ. श्री आहे?"
मी म्हणालो, "आहे."
"म्हणजे शिवराई! पनवेलच्या मातीतली!"
इतके हसले की खोकला लागला. मंदाला हाक मारून नाणं देवघरात ठेवायला लावलं, पुढे तीळगूळ. मीही हात जोडले. मला माझीच किळस आली.
कुठे सापडलं, विचारलं. "रस्त्याच्या खोदाईत," म्हणालो. एक खोटं एकटं राहत नाही.

शनि. २२
देवघरातून नाणं हळूच उचललं, ठाण्याला गेलो. मंदाच्या माहेरच्या ओळखीचे एक सर आहेत, नाण्यांवर लिहितात. भिंग लावून बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे.
"घासलंत?"
"चिंचेने."
"अहो, ताम्हन आहे का हे? जे वाचायचं ते त्या हिरव्या थरातच होतं."
शिवराई असेल. कंपनी सरकारचा पैसाही असेल. वजन दोन्हीत बसतं, ठिपके दोन्हींना चालतात. आता छातीठोक कोणी सांगणार नाही. म्हणजे मला स्वतःलाही कधी कळणार नाही, की अप्पांना मी खोटं सांगितलं की चुकून खरं.
परत येऊन गुपचूप देवासमोर ठेवलं. अप्पा दारातून म्हणाले, "आज पूजा उशिरा का रे?" चोराच्या मनात चांदणं. दचकलो.

गुरु. ३ फेब्रु.
पुन्हा रोडपाली. व्हॉल्व्ह सापडला एकदाचा, पार पलीकडच्या अंगाला. नमूबाईने चहा दिला. नवं घर बांधतायत, स्लॅबचं. बोलता बोलता म्हणाली, "जुना घर पारला तवा मेढीच्या खांबाखालचा पैसा गावला नाय. माजे आजेसासऱ्यानी घातलेला. आमच्यात तो काढून नव्या उंबऱ्याखाली घालतान. सुनेनी सगली माती चालनीनं चालली. नाय म्हंजे नायच."
ती माती अंगणाच्या कडेला ओढून टाकली होती. मी खणलं तिथेच.
कप खाली ठेवला. "सापडेल, आजी," म्हणालो. नालायक माणूस मी.
उंबरा माघात बसवणार आहेत. वेळ आहे.

रवि. ६
आज अप्पांना सांगायचं ठरवलं होतं. मंगळवारी ऑपरेशन. डॉक्टरांचं बजावणं, मनाला त्रास नको. बरं कारण मिळालं. अप्पा मात्र खुशीत. "पट्टी सुटली की आधी शिवराई बघणार, मग तुझं तोंड."

मंगळ. ८
उजवा डोळा झाला. ठीक. मला धरून उतरले पायऱ्या. सारखा माझा हात दाबत होते.

रवि. २०
सकाळी नाणं रुमालात बांधून रोडपालीला गेलो. जे होईल ते होवो. दारातच थबकलो. चौकटीला आंब्याची डहाळी, हळदकुंकू. उंबरा काल बसला.
नमूबाईला रुमाल उघडून दाखवला. सगळं सांगितलं. तिने नाणं उचललं, उलटसुलट केलं, चकचकीत अंगावरून अंगठा फिरवला.
"यो आमचा नाय. आमचा काला व्हता."
"आजी, मीच घासला—"
"नाय रं. आमी काल नवा रुपया घातला. झाला ता झाला." आणि माझ्या हातावर परत ठेवला.
खरंच ओळखलं नाही, की मला सोडून दिलं? विचारायचं धाडस झालं नाही. निघताना कागदात नारळ-गुळाचा प्रसाद दिला. "तुजे बापाचे डोल्याचा झाला ना? त्याला दे. नव्या घरचा हाय म्हून सांग."

तोच दिवस, संध्याकाळ
अप्पांची पट्टी सुटलीय, खिडकीशी बसलेत. मंदाला भिंग मागितलं. एका तळहातावर नाणं, दुसऱ्यावर प्रसाद. प्रसाद तोंडात टाकला, गोड लागला म्हणाले. भिंग अजून उचललं नाही. मला विचारतायत, "कुणाच्या घरचा रे?"