कडी लागणारं दार

आई, डिलाईल रोडच्या चाळीतल्या खोलीत बसून तुला लिहितोय. अक्षर सातवीपर्यंतचंच, सांभाळून घे. समोर गावाहून आलेला संमतीचा कागद आहे. घरामागच्या परसात संडास बांधायचाय. जागा माझ्या आणि धाकट्या भावाच्या सामायिक नावावर, म्हणून माझी सही हवी. पंधरा दिवस कागद गादीखाली ठेवला. उद्या पंचायतीची मुदत संपते, आणि कागद नेणारा शेजारचा गाववाला पाचच्या गाडीने निघतोय. मघाशी दारातून ओरडून गेला, "तात्यानू, सही करतास की चित्र काढतास?"

काल धाकट्याच्या सुनेचा फोन आला. "काकानू, माका सहावो महिनो लागलो. दुपारनंतर मी पाणी पिणंय नाय. डॉक्टर वरडतत, पण काळोख पडासर बाहेर कशी जाव?" मी नुसतं हं हं केलं.

हे पाणी न पिणं मी ओळखतो. चार वाजले की तूही तांब्या उपडा घालायचीस. आम्हाला वाटे, तुला तहानच कमी. मग तू एकदा चाळीत राहायला आलीस. गॅलरीच्या टोकाचा सार्वजनिक संडास, ज्याच्या रांगेला आम्ही शिव्या द्यायचो, तिथून येऊन तू सांगतेस, "रे, दाराक कडी लागता!" आणि मोरीपाशी उभी राहून भर दुपारी दोन तांबे पाणी पितेस.

त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी असताना धाकट्याने परसात संडास बांधायचं काढलं. मी म्हटलं, देवघराच्या भिंतीमागे? बाटेल सगळं. तू चुलीपुढून म्हणालीस, "चाळीत तुझो देव संडासापासून धा पावलांवर रवता, तो बाटणा नाय तो?" सगळे हसले. मी थोरला, हट्टाने नाहीच म्हटलं. तू शेवटपर्यंत बॅटरी घेऊन पाणंदीत जात राहिलीस.

देवाचं खोटं होतं, आई. धाकट्याची बायको मुंबईची, संडास नाही म्हणून गावी चार दिवस टिकत नसे. सोय झाली तर ती तिथेच राहील, घर त्यांचं होईल आणि मला ही खोलीच उरेल, ही भीती. धाकट्याची बायको तशीही तिथे राहिलीच. भीतीही गेली नाही.

सही झाली, कागद गेला. आता गादीखाली हे पत्र ठेवतो. तुझ्यासाठी सही केली, असं लिहिणार होतो. पण तो गाववाला जिन्यातून तिसऱ्यांदा ओरडला, म्हणून केली.