कासवाचे तीन सूर

३ मार्च, सोमवार

अस्वल पास झालं! पाळणाघरातल्या सातपैकी सहा पोरांनी पहिल्या चार सुरांतच गाणं ओळखलं, आणि वकीलबाईंनी दोनदा ऐकून "हे ते नव्हे" असा शेरा मारला. आमच्या कारखान्यात यालाच यश म्हणतात. पोरांना तेच वाटलं पाहिजे, वकीलबाईंना ते वाटता कामा नये. बावीस वर्षं मी हेच करतेय — खेळण्याच्या पोटात चौदा सेकंदांची चाल बसवायची, ओळखीच्या गाण्यासारखी, पण ते गाणं नव्हे. किती सूर बदलले की चालतं, याचा कायद्यात काही आकडा नाही, असं वकीलबाई दरवेळी सांगतात. साहेब मात्र तीनवर अडून बसलेत. तीन बदला आणि बाईंना पटवा.

सातवी पोरगी म्हणाली, अस्वलाला सर्दी झालीय. तिचंही बरोबरच आहे.

५ मार्च, बुधवार

नवीन काम — कासव. पाठीवर दाबलं की वाजणारं. साहेबांनी फोनवर गाणं लावलं, कुठल्याशा मुलीने कुजबुजत गायलेलं. म्हणाले, मूळ गाणं जुनं आहे, रेकॉर्ड काढणारी कंपनी कधीच बंद पडली, हक्क कोणाकडे आहेत ते कुणालाच धड सांगता येत नाही. मग विचारायचं तरी कोणाला? तेव्हा तुमचे ते तीन सूर बदलून टाका.

माझा चहा बशीत सांडला. ती चाल बाबांची आहे.

रेकॉर्डवर गाणारीचं नाव ठळक होतं, बाबांचं मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. ऑफिसात कोणाला ठाऊक असायचं कारणच नाही. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "कधीपर्यंत हवंय?" भित्री कुठली!

आणि घरी तरी कुठे खरं सांगितलंय? बाबांची समजूत अशी की मी खेळण्यांचे आवाज करते. बदकाचं ओरडणं, इंजिनाची शिट्टी. ती समजूत मी कधी मोडली नाही.

९ मार्च, रविवार

रविवारची कोर्टकचेरी. चहा, बिस्किटं, बाबा न्यायाधीश, मी बचावाची वकील. बाबांच्या त्या एका चालीच्या जेवढ्या नकला झाल्या तेवढ्या वहीत नंबर घालून लिहिलेल्या आहेत, प्रत्येकीला दहापैकी गुण. आज जुन्याच ऐकल्या.

आधी कुजबुजणारी. बाबा म्हणाले, हिने धडधाकट गाणं आजारी पाडलं, हिला कोणीतरी कोमट पाणी द्या. मी म्हटलं, दुसरं कडवं ऐका, सगळी वाद्यं थांबतात तिथे. ऐकलं. नाक मुरडलं, पण दोनाचे तीन गुण केले! मग हॉटेलच्या लिफ्टमधली बासरी. एक गुण. बासरीवाला श्वास कुठे घेतो ते सापडत नाही, म्हणजे तो माणूस नव्हेच, मशीन आहे. मग शाळेच्या बँडची. वेग दुप्पट, दोन सूर सरळसरळ चुकलेले, ढोल एकीकडे आणि पोरं दुसरीकडे — आणि बाबा टेबलावर ठेका धरून बसलेले. आठ गुण. का, तर तिसऱ्या ओळीच्या आधी बँड क्षणभर थांबतो. "त्या पोरांना कळलंय गाणं कुठे थांबतं आणि कशासाठी." चांगली नक्कल म्हणजे चांगला भाडेकरू, असं त्यांचं मत. खिळे ठोकतो, पण भिंत पाडत नाही.

बाबांची एवढी एकच चाल गाजली. बाकीचं आयुष्य चौकातल्या दुकानात किल्ल्या बनवण्यात गेलं. आई आज पुन्हा म्हणाली, जन्मभर किल्लीवरून किल्ली करून पोट भरलं, आणि चालीची नक्कल झाली की यांचा तिळपापड. बाबांचं उत्तर तयार असतं. किल्लीची नक्कल हवी असली की माणूस स्वतः किल्ली घेऊन येतो. विचारून.

वही मिटताना म्हणाले, "तीस झाल्या. तिसातल्या एकानेही विचारलं नाही गं."

मी बिस्किट खात राहिले. चोराच्या मनात चांदणं!

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, चार वाजता. बाबांना बोलावलंय. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अकॉर्डियन गळ्यात घालून पंधरा मिनिटं उभं राहणार म्हणे. आईने राखाडी कोट उन्हात टाकलाय.

११ मार्च, मंगळवार

जमत नाही. कुठलाही सूर हलवला की मनातले बाबा डोळे वटारतात.

१३ मार्च, गुरुवार

जमलं.

अडचण शेवटच्या ओळीची होती. मुळात ती पायरी पायरीने वर चढते, पंचमावर टेकते आणि सरळ षड्जावर येऊन बसते. दार लावून घेतल्यासारखी. गाण्यात ते शोभतं. पण कासवाचं तसं नाही. पोर एकदा दाबून थांबत नाही, वीसदा दाबतं. मग वीसदा दार आपटतं. दुपारी जेवण टाकून बसले. पंचमावरून खाली न येता वर धैवताला नुसतं शिवले, मध्यमावर थोडी रेंगाळले आणि गंधारावर सोडून दिलं. संपवलंच नाही. पुन्हा दाबलं, तर चाल आपल्या पायांनी चालत पहिल्या सुरात गेली!

तीनच सूर. चाळीस वेळा तरी ऐकलं असेल. लाज वाटत होती, आणि आवडतही होतं. बावीस वर्षांत मी केलेलं मला इतकं कधी आवडलं नव्हतं.

पोरं सातपैकी सात. वकीलबाई म्हणाल्या, हे ते नव्हे, पण जवळचं नातेवाईक आहे.

१४ मार्च, शुक्रवार

झालं ते झालं.

नमुन्याचं कासव पिशवीत होतं. घरी आले, पिशवी खुर्चीवर टाकली, आतला डबा कासवाच्या पाठीवर बसला असणार. पिशवी गायला लागली. बाबा समोरच पेपर वाचत होते.

पेपर खाली आला. चौदा सेकंद. मग त्यांनी विचारलं, शेवट कोणी बदलला. एखादं नाव ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलं. पण "मी" म्हणून मोकळी झाले. आणि एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच सांगितलं — अस्वल, बदक, बावीस वर्षं, साहेबांचे तीन सूर. आई भाजी चिरायची थांबली.

बाबा ओरडले नाहीत. कासव हातात घेतलं, दाबलं. पुन्हा दाबलं. सात वेळा मोजलं मी. मग ते टेबलावर ठेवून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

१५ मार्च, शनिवार

मूग गिळून बसलेत. मीठ हवं असलं तरी आईला खुणेने सांगतात.

१६ मार्च, रविवार

कोर्ट भरलं नाही. एकटीने चहा घेतला. बिस्किटं उरली.

१७ मार्च, सोमवार

वकीलबाईंना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग, आधी का नाही बोललात, इथपासून सुरुवात. हक्कांचं काय व्हायचं ते होवो, पण चाल करणारा माणूस हयात आहे हे कळल्यावर त्याच्या सहीशिवाय त्या कासव पुढे सोडणार नाहीत. पुढच्या सोमवारी साचे चढायचेत. मी म्हटलं, मग राहू दे कासव, मी दुसरं काही देते.

त्या म्हणाल्या, "अहो, आधी विचारून तर बघा. विचारायला काय जातं?"

बावीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. शेवटी त्यांनी ना-हरकत पत्र टाइप करून दिलं, पाच ओळींचं.

१८ मार्च, मंगळवार

पत्र घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही मागताना राहायचे तशी. पन्नाशीला आले तरी तेच.

म्हटलं, "बाबा, तुमची चाल वापरू का? शेवटी माझे तीन सूर घालून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठेव तिथे."

चष्म्याच्या डबीखाली ठेवून आले. काही का होईना, विचारलं. रात्री छान झोप लागेल असं वाटतंय.

२० मार्च, गुरुवार

पत्र तिथेच. सहीच्या जागेवर कपाचा गोल डाग.

खोलीतून अकॉर्डियन ऐकू येतं, पण मी जिना चढले की थांबतं. कार्यक्रमाची तयारी असेल. आई म्हणाली, काळजी करू नकोस, चिडले असते तर वाजवलं नसतं, कपाटं आवरायला काढली असती. बावन्न वर्षांचा अनुभव आहे तिचा.

२१ मार्च, शुक्रवार

"कासव दे जरा." "ठेव तिथे" नंतरचे पहिले तीन शब्द. दिलं. परत मिळालेलं नाही.

२२ मार्च, शनिवार

बाबा न्हाव्याकडे गेले तेव्हा वही उघडून पाहिली. चोरूनच, काय करणार, सवय! तिसांवरच थांबलीय. एकतिसावा नंबर नाही. माझी नोंदच नाही. याचा अर्थ काय लावायचा? दहापैकी शून्य लिहिलं असतं तरी बरं वाटलं असतं.

सोमवारी सही नसेल तर कासव रद्द. साहेबांना सांगून ठेवलंय, ते बडबडले, बडबडू देत. मला मात्र तितकं वाईट वाटत नाहीये. ती ओळ झाली. माझ्या हातून झाली. आज भांडी विसळताना गुणगुणत होते, आई शेजारी उभी राहून नुसती हसली.

कोटाला इस्त्री केली. उद्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसणार.

२३ मार्च, रविवार

सकाळी पत्र माझ्या टेबलावर. कपाच्या डागावर बाबांची सही!

उलटून पाहिलं. मागे त्यांचं अक्षर, दुकानाच्या पाटीसारखं सुटंसुटं — "आज चार वाजता शेवटची ओळ तुझ्यासारखी वाजवायची इच्छा आहे. पाच दिवस सराव केला. सूर तुझे आहेत, म्हणून विचारतो. हरकत नसेल तर खाली सही कर. असेल तर जुनीच वाजवीन."

खाली पट्टीने रेघ आखून ठेवलीय.